दिवे लागतात, पण गाडी सुरू होत नाही!

शाळा सुरू होऊन चारच दिवस झाले होते आणि आमच्या एका सहकारी बाईंची जुनी मोटार सकाळी सुरू होईना. किल्ली फिरवली की 'टक्' असा एकच आवाज येई आणि पुढे सारे शांत. जवळच्या कारागिराने 'बॅटरी गेली' असे सांगितले. नवी बॅटरी बसवली, जुनी बदल्यात दिली. दोन दिवस गाडी नीट चालली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा 'टक्'! दिवे मात्र झकास लागत होते, भोंगाही वाजत होता. आता स्टार्टर बदलायला हवा, असा दुसरा सल्ला मिळाला. तो खर्च करण्यापूर्वी विज्ञान शिकवणारे आम्ही दोघे-तिघे रविवारी प्रयोगशाळेतला मल्टिमीटर घेऊन बाईंच्या अंगणात हजर झालो.

दिवे लागत असतील तर वीज पोहोचतेच आहे, मग दोष स्टार्टरचाच, असे कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटले. पण किती धारा पोहोचते, हा खरा प्रश्न आहे. पुढच्या दोन दिव्यांना मिळून सुमारे १० अँपिअर धारा लागते. स्टार्टरला मात्र लहान मोटारीतही १००-२०० अँपिअर लागते. घरातल्या इस्त्रीला तीन-चार अँपिअर पुरतात, यावरून अंदाज यावा. म्हणून तर बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत जाणारी लाल तार करंगळीएवढी जाड असते.

एक चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध ०.०१७ ओहम असतो. मोटारीतली केबल २५ चौरस मिलिमीटरची धरली तर तो ०.०००७ ओहम, म्हणजे जवळजवळ नाहीच. १०० अँपिअर धारा वाहताना तिच्यात ०.०७ व्होल्ट खर्ची पडतात. आता याच तारेत कोठेतरी ०.०३ ओहमचा रोध शिरला असे समजा. वर्गात आपण तो शून्यच धरू! दिव्यांच्या १० अँपिअरला तो ०.३ व्होल्टचाच फटका देतो, डोळ्यांना कळतही नाही. १०० अँपिअरला मात्र तोच रोध ३ व्होल्ट गिळतो. बारातले तीन वाटेतच गेल्यावर स्टार्टर इंजिन फिरवणार कसा? आणि ३ व्होल्ट गुणिले १०० अँपिअर म्हणजे ३०० वॅट उष्णता, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. या तारेला बहुतेक मोटारींत फ्यूज नसतो. त्यामुळे प्रकरण केवळ गाडी सुरू न होण्यापुरते राहत नाही. वरचे आवरण वितळून उघडे तांबे लोखंडी सांगाड्याला टेकले, तर आग लागू शकते.

आम्ही पहिली चूक केली ती मल्टिमीटर ओहमवर लावण्याची. तारेच्या दोन टोकांना लावल्यावर त्याने ०.४ दाखवले. मीटरच्या दोन कांड्या एकमेकींना टेकवल्या तरी ०.४ च! मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध तेवढा, त्यात ०.०३ ओहम कोठून दिसणार? शिवाय मीटर मोजण्यासाठी अगदी क्षीण धारा सोडतो. रोग दिसतो तो भार पडल्यावरच. म्हणून मीटर २० व्होल्टवर लावला, एक कांडी लाल तारेच्या बॅटरीकडच्या पकडीवर आणि दुसरी स्टार्टरच्या जाड खिळ्यावर धरली. गियर न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला. बाईंनी किल्ली फिरवली आणि काटा (हल्ली आकडे, पण सवयीने काटाच म्हणतो) ३.४ व्होल्टवर गेला. निरोगी तारेत हा आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. बॅटरीचा खांब आणि पकड यांच्यामधला फरक मात्र नगण्य होता. म्हणजे दोष ना बॅटरीत, ना पकडीच्या बसण्यात. तो तारेतच होता.

आता तार काढायची. येथे क्रमाला फार महत्त्व आहे आणि त्यामागचे कारण विद्यार्थ्यांनी जरूर शोधावे. मोटारीचा लोखंडी सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. ऋण तार जोडलेली असताना धन टोकाच्या नटावर पाना लावला आणि पान्याचे दुसरे टोक चुकून सांगाड्याला लागले, तर बॅटरीची दोन्ही टोके पान्यानेच जोडली जातात. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहमच्या आसपास असतो. १२ ला ०.०१ ने भागले की धारा १२०० अँपिअर! पाना लाल होतो. हातात अंगठी असली तर काय होईल ते लिहायला नको. उलट आधी ऋण तार सोडताना पाना सांगाड्याला लागला तरी दोन्हींचे विभव सारखेच, काही घडत नाही. एकदा ती निघाली की परिपथ तुटतो आणि मग धन टोकाशी निर्धास्तपणे काम करता येते. म्हणून काढताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी. अंगठ्या, कडी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ आधीच काढून ठेवावे. सुटलेली ऋण पकड फडक्यात गुंडाळून बाजूला बांधावी, नाहीतर ती उसळून पुन्हा टेकते. विडी-काडी जवळ नको, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

तार निघाली. आवरण सुरीने चिरले तेव्हा पकडीजवळचे दोन इंच तांबे हिरवट-काळे पडलेले दिसले. बॅटरीतल्या सौम्य सल्फ्युरिक आम्लाचा अंश आवरणाखाली तंतूंच्या फटींतून, वातीत तेल चढावे तसा, चढला होता. तांब्याचे क्षार आणि ऑक्साइड वीज धड वाहू देत नाहीत. कोडे उलगडले: बॅटरी बदलताना पकड हलवली गेली, काही तंतू पुन्हा चिकटले आणि गाडी दोन दिवस चालली. बदल्यात गेलेली बॅटरी बहुधा चांगलीच होती.

नवी तार घेताना आम्ही नमुना म्हणून जुनीच बरोबर नेली. लांबी तेवढीच, जाडी तेवढी किंवा अधिक हवी. दुकानात स्वस्त आणि दिसायला तितकीच लालभडक असलेली तार निघाली. टोकाचा एक तंतू ब्लेडने खरवडला, आतून पांढरा! तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. त्याची रोधकता तांब्याच्या दीडपटीहून जास्त, तेव्हा ती परत केली. टोकाची थिंबल यंत्राने दाबून बसवून घेतली. घरी डाग देण्याचा मोह आम्ही टाळला, कारण साधे शिशे-कथलाचे डाख १९० अंशांच्या आसपास वितळते आणि डाखाने ताठ झालेले तंतू इंजिनाच्या थरथरीने तुटतात.

बॅटरीच्या खांबांवरचा पांढरा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला. फसफस होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो. आठवीच्या मुलांना दाखवावा असा हा प्रयोग, फक्त पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये आणि डोळ्यांवर चष्मा असावा. धन खांब ऋणापेक्षा किंचित जाड असतो, म्हणून पकडी सहसा उलटसुलट बसत नाहीत. स्टार्टरच्या खिळ्यावर या मोटारीत बाकीच्या दिव्यांची तारही होती, ती आठवणीने परत लावली. नवी तार जुन्याच वाटेने, जुन्याच पकडींतून नेली, कारण धुराच्या नळीला किंवा पत्र्याच्या कडेला ती घासली तर सारे मुसळ केरात. शेवटी पकडींवर व्हॅसलीनचा हात फिरवला. हल्लीच्या कित्येक मोटारींत धन पकडीवरच फ्यूजची पेटी आणि ऋण पकडीवर एक संवेदक असतो. तेथे घरगुती हात न घालणेच बरे.

वर्गात मोटार आणता येत नाही. ६ व्होल्टची बॅटरी, ६ व्होल्ट ०.३ अँपिअरचा बल्ब आणि ३३० ओहमच्या रोधासह एक एलईडी घ्या. दोन्ही आळीपाळीने आधी थेट, मग मध्ये १० ओहमचा रोध घालून जोडा. एलईडीला फरक जाणवत नाही, बल्ब स्पष्टपणे मंदावतो. असे का, हे मुलांनाच विचारा आणि मीटर त्यांच्याच हाती द्या.

बाईंनी किल्ली फिरवली तेव्हा मीटरने ०.१ व्होल्ट दाखवले. इंजिन अर्थातच सुरू झाले. पण आम्ही त्या आकड्याकडेच बघत होतो.