जुने हेड घेताना

आमच्या शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरचे हेड तडकले. त्यांनी एका माणसाकडून जुने हेड घेतले. रंग कोरा, भाव निम्मा! पावती मागितली, तर म्हणतो, "विश्वास नाही का, दादा?" आम्ही तिथेच होतो. गप्प बसलो, ते चुकलेच.

चौथ्या दिवशी इंजिनात पाणी उतरले. तेल ताकासारखे झाले. रंग खरवडला, तर खाली चीर! त्या माणसाचा फोन बंद.

जुन्या मालाला ताजा रंग दिसला, की आधी खरवडून पाहा. डिझेल लावा, थोड्या वेळाने कोरडे पुसा, वर खडूची पूड भुरभुरा. (खडू शाळेत मागा, कोणी नाही म्हणत नाही.) चिरेत शिरलेले डिझेल वर येते, पुडीवर ओली रेघ उमटते. आतली चीर मात्र अशी दिसत नाही. ती वर्कशॉपात पाण्याच्या दाबाने तपासतात. तोवर पैसे देऊ नका.