लिटरला किती ऑइल?

ज्यांनी एके काळी चेतक किंवा लूना चालवली, त्यांना पेट्रोलपंपावरचा एक प्रश्न अजून आठवत असेल : ऑइल किती टाकू? रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक गाड्या गेल्या आणि तो प्रश्नही गेला. खाडीत आणि समुद्रात मात्र तो रोज पहाटे विचारला जातो. डहाणूपासून रेडीपर्यंत आणि पुढे गोव्यात, लहान होडीच्या मागच्या फळीला टांगलेली टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटार इंधनात ऑइल मिसळल्याशिवाय चालत नाही. अपवाद फक्त ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असलेल्या मॉडेलांचा.

किती मिसळायचे, याचे उत्तर मात्र बंदरागणिक बदलते. कुणी लिटरला वीस मिलिलिटर सांगतो, कुणी तीस, कुणी चाळीस. ‘थोडे जास्तच घाल, मशीनला बरे’ हा सल्ला तर सगळीकडे मिळतो. स्कूटर बंद पडली तर ढकलत घरी नेता येते. वारा उलटा, ओहोटीची ओढ आणि पिस्टन जाम, अशा वेळी होडी ढकलायला कुणी नसते. म्हणून हा वरवर किरकोळ वाटणारा आकडा नीट समजून घ्यायला हवा.

माझे म्हणणे थोडक्यात असे : हा आकडा ठरतो आतल्या बेअरिंगांवर, पेलतो तेलाच्या दर्जावर आणि बिघडतो इंधनामुळे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या तिन्ही गोष्टी बदलल्या. ज्याने त्या समजून घेतल्या, त्याला आकडा पाठ करावा लागत नाही.

तेल आत काय करते

मोटारगाडीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तळाशी ऑइलचा साठा असतो. पंप ते फिरवत राहतो, तेच तेल महिनोन्‌महिने काम करते. टू-स्ट्रोकमध्ये असा साठा नाही. पिस्टन वर जाताना हवा आणि इंधनाचे मिश्रण क्रँककेसमध्ये ओढले जाते, आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये चढते. वाटेत पेट्रोल उडून जाते, पण त्यातले ऑइल जड असल्याने मागे राहते. क्रँकशाफ्टची बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोके, सिलिंडरची भिंत, रिंगा या सगळ्यांवर त्याचा पातळ थर बसतो. पुढे ते तेलही जळते किंवा धुराबरोबर पाण्यात जाते.

म्हणजे प्रत्येक मिनिटाचे वंगण त्या मिनिटाच्या इंधनाबरोबरच येते. मागचे शिल्लक फारसे नसते आणि पुढची उधारी चालत नाही. डब्यात ऑइल घालायचे विसरले तर भर वेगात काही मिनिटांतही मोटार जाम होऊ शकते.

सोळापासून पन्नासपर्यंत

नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत मिलवॉकी शहरात कारखाना काढलेल्या ओले इव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आपली आउटबोर्ड मोटार बाजारात आणली. त्या पिढीतल्या मोटारींची बेअरिंग म्हणजे बहुतेक पितळी जातीच्या धातूचे साधे बुश. बुशमध्ये शाफ्ट पूर्ण पृष्ठभागाने घासतो, त्यामुळे तेलाचा थर जाड लागतो. तेल म्हणून मिळायचे ते गाडीचे साधे इंजिन ऑइल. म्हणून त्या काळच्या अनेक मोटारींना अमेरिकन गॅलनला अर्धा पाइंट ऑइल सांगितलेले असे, म्हणजे १६ भाग पेट्रोलला १ भाग तेल. आपल्या हिशेबाने लिटरला ६० मिलिलिटरच्या वर. निळा धूर आणि पाण्यावरचा तवंग हे त्या मोटारींचे नेहमीचे सोबती होते.

मग बुशच्या जागी निडल बेअरिंग आली. बारीक पोलादी रूळ शाफ्टभोवती फिरू लागले, घासणे कमी झाले, तेलाची गरजही उतरली. १६:१ वरून बऱ्याच मोटारी २४:१ वर आल्या, म्हणजे लिटरला साधारण ४२ मिलिलिटर. याच काळात बोटींसाठी खास टू-स्ट्रोक तेले तयार झाली. १९६४ पासून जॉन्सन आणि इव्हिनरूड या जुळ्या ब्रँडांच्या नव्या मोटारींना ५०:१ हे प्रमाण सांगितले जाऊ लागले. लिटरला २० मिलिलिटर हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा तिथून रुळला.

इथेच एक धोका दडलेला आहे. जुनी, बुशवाली मोटार कुणाच्या हाती आली आणि ‘आजकाल पन्नासला एक’ म्हणून त्याने तसे मिसळले, तर तेल कितीही उत्तम असले तरी बुश ते सोसणार नाही. आकडा मोटारीच्या घडणीतून आलेला असतो. तेल सुधारल्याने घडण बदलत नाही.

आकडा आणखी खाली ओढण्याचाही प्रयत्न झाला. १९८० च्या दशकाच्या मध्याला काही मॉडेलांसाठी १००:१ सांगितले गेले. कमी धूर, कमी खर्च. जॉन्सन-इव्हिनरूड काही वर्षांतच ५०:१ वर परतले. कारण तेलाला वंगणाइतकेच महत्त्वाचे दुसरे काम असते, आणि ते म्हणजे गंज रोखणे. आठवड्यातून एकदा चालणाऱ्या, उरलेले दिवस खाऱ्या हवेत टांगून राहणाऱ्या मोटारीत बेअरिंगांवरचा थर पुरेसा हवा. आजही ज्या मॉडेलच्या पुस्तिकेत १००:१ छापलेले आहे तिथे ते चालते. पण ते त्या मॉडेलपुरतेच.

याच दशकात तेलाची वेगळी टाकी आणि पंप असलेल्या मोठ्या मोटारी आल्या. इंजिन सावकाश चालत असेल तेव्हा पंप तेल कमी सोडतो, वेग वाढला की ते ५०:१ च्या आसपास नेतो. कल्पना शास्त्रशुद्ध होती. तरी पंप गुपचूप बंद पडण्याच्या भीतीने अनेकांनी तो काढून टाकला आणि पुन्हा हाताने मिसळायला सुरुवात केली. समुद्रावर माणूस त्याच गोष्टीवर विसंबतो, जी त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिलेली असते.

जास्त घातले तर काय बिघडते?

बरेच काही बिघडते. पहिले म्हणजे प्लग. जादा तेल पुरते जळत नाही, प्लगच्या टोकावर ओलसर काळा थर बसतो आणि ठिणगी मरते. दुसरे म्हणजे काजळी. ती रिंगांच्या खाचांत साचली की रिंग चिकटते, दाब गळतो, आणि जळते वायू पिस्टनच्या कडेने खाली उतरून तेलाचा थरच उडवतात. म्हणजे जादा तेलाने अखेर वंगणाचीच हानी होते.

तिसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. कार्बोरेटरच्या जेटमधून एका वेळी ठरावीकच द्रव जातो. त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो, शिवाय मिश्रण घट्ट होऊन सावकाश वाहते. त्याच हवेला पेट्रोल थोडे कमी पडते आणि ज्वलन अधिक गरम होते. फरक लहान असतो, पण दिशा चुकीची असते. लिटरला वीसऐवजी बावीस-पंचवीस झाले तर बिघडत नाही. दुप्पट करणे ही काळजी नव्हे.

दुप्पट करायचे ते एकदाच : नव्या किंवा नव्याने रिंग-पिस्टन बसवलेल्या मोटारीत. ५०:१ च्या अनेक मोटारींना पहिल्या दहा तासांसाठी २५:१ सांगितलेले असते, कारण तेव्हा धातूचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळत असतात.

कोणते ऑइल?

स्कूटरचे टू-टी ऑइल स्वस्त आणि हाताशी मिळणारे. मग ते होडीला का नको? कारण दोन्ही इंजिनांचा संसार वेगळा. स्कूटरचे इंजिन हवेने थंड होते, आत तापते. ते साफ ठेवण्यासाठी तेलात थोडी धातुयुक्त रसायने घालतात. जळल्यावर त्यांची थोडी राख उरते. आउटबोर्ड समुद्राच्या पाण्याने थंड होते, तिच्या भिंती तुलनेने गार राहतात. पण ती तासन्‌तास पूर्ण भाराखाली चालते. अशा ठिकाणी राखेचे कण पिस्टनच्या माथ्यावर साचतात, तापून लाल होतात आणि ठिणगीच्या आधीच इंधन पेटवतात. याची खूण म्हणजे पिस्टनला पडलेले भोक.

म्हणून आउटबोर्डच्या तेलात राख न ठेवणारी, धातूविरहित रसायने असतात. डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ ही खूण पाहावी. टू-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचा हा दर्जा अमेरिकेतल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचा. पेट्रोलमध्ये सहज विरघळणे, गोठून जाळी न तुंबवणे, रिंगा मोकळ्या ठेवणे आणि गंज रोखणे, अशा कसोट्यांवर तेल उतरावे लागते. फोर-स्ट्रोक गाडीचे इंजिन ऑइल तर कधीच नको. त्यात राखेचे प्रमाण स्कूटरच्या तेलाहूनही जास्त.

सुटे तेल हा आणखी एक सापळा. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या पंपांवर आणि गॅरेजांत सुट्या टू-टी तेलाच्या विक्रीला बंदी घालायला लावली, ती वाहनांचा धूर आटोक्यात आणण्यासाठी. सुट्या तेलात काय मिसळले आहे हे डोळ्यांना कळत नाही. बंदरावरही सीलबंद डबाच घ्यावा.

रॉकेल आणि इथेनॉल

केरळच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात पारंपरिक होड्यांना मोटारी लागल्या आणि रॉकेल हे तिथले मुख्य इंधन बनले. आपल्याकडेही रॉकेलवर चालणाऱ्या मोटारी आहेत. त्या पेट्रोलवर सुरू करतात, इंजिन तापले की रॉकेलवर नेतात आणि किनारा जवळ आला की पुन्हा पेट्रोलवर आणतात, म्हणजे कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी मोटार चटकन उठते. रॉकेल पेट्रोलसारखे झटकन उडत नाही. क्रँककेसमध्ये ओलेच राहून तेलाचा थर पातळ करते. म्हणून रॉकेल-मॉडेलच्या पुस्तिकेतलाच आकडा पाळावा आणि पेट्रोलची मोटार परस्पर रॉकेलवर चालवू नये.

आजची खरी चिंता इथेनॉलची. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल हे आता देशभराचे धोरण आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि होडीची टाकी दमट, खाऱ्या हवेत श्वास घेत असते. दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेते. वीस टक्क्यांचे त्याहून जास्त. ती मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, पेट्रोल वर तरंगते.

आणि ऑइल? ते वरच्या पेट्रोलमध्येच राहते. इंधनाची नळी तर तळातून ओढते. म्हणजे मालकाने पन्नासला एक चोख मिसळलेले असताना बेअरिंगांना मिळते ते तेल नसलेले पाणी-इथेनॉल. उघडलेल्या मोटारीत बेअरिंग निळी पडलेली दिसते आणि दोष ‘ऑइल कमी घातले’ यालाच दिला जातो. पुढच्या वेळी तो माणूस लिटरला चाळीस घालतो, आणि मूळ रोग तसाच राहतो. यावर उपाय साधा आहे : लागेल तेवढेच मिश्रण करावे, ते आठवडे-महिने साठवू नये, पाणी वेगळे काढणारा फिल्टर बसवावा, टाकीचा तळ मधूनमधून पाहावा. जुन्या रबरी नळ्या आणि हाताने दाबायचा रबरी फुगाही तपासावा. इथेनॉलने जुने रबर मऊ पडते.

डब्यापासून फिटरच्या बाकापर्यंत

दहा लिटरचे मिश्रण करायचे तर वेगळा, स्वच्छ, कोरडा डबा घ्यावा. आधी निम्मे, म्हणजे पाच लिटर पेट्रोल. त्यात खुणा असलेल्या मापाने २०० मिलिलिटर ऑइल. झाकण लावून डबा चांगला हलवावा, मग उरलेले पाच लिटर ओतून पुन्हा हलवावा. ऑइल आधी आणि पेट्रोल नंतर ओतले, किंवा थेट होडीतल्या टाकीत दोन्ही टाकले, तर तेल तळाशी बसू शकते : सुरुवातीला धूर आणि शेवटी कोरडे इंजिन. बाटलीच्या टोपणाने अंदाज घेणे सोडून द्यावे, टोपणे सारखी नसतात.

मोटार जाम झालीच तर फिटर सिलिंडर उघडतो तेव्हा मालकाने शेजारी बसून पाहावे. दोन किंवा तीन सिलिंडरांच्या मोटारीत सगळ्यांना मिश्रण एकाच टाकीतून जाते. मिश्रणात तेल कमी असेल तर सगळ्याच पिस्टनांवर उभे ओरखडे दिसायला हवेत. एकच पिस्टन खराब आणि बाकीचे गुळगुळीत असतील, तर बहुधा दोष त्या सिलिंडरच्या तुंबलेल्या जेटचा किंवा गॅस्केटमधून शिरणाऱ्या हवेचा. रंग आणि ओरखडे खरे बोलतात. ते वाचले तर ऑइलवर विनाकारण आळ येत नाही.

पावसाळी बंदीत होड्या शाकारल्या जातात तेव्हा मोटारीचीही वेगळी तयारी लागते. गोड्या पाण्याने आतले मीठ धुऊन काढावे, कार्बोरेटर रिकामा करावा, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि फ्लायव्हील हाताने फिरवून ते पसरवावे. शिल्लक मिश्रण नारळी पौर्णिमेपर्यंत ठेवू नये.

पुढे काय

टू-स्ट्रोकचा मोठा दोषही सांगायला हवा. कार्बोरेटरवाल्या मोटारीत इंधनाचा मोठा वाटा न जळताच बाहेर पडतो आणि त्याबरोबर तेलही पाण्यात जाते. म्हणून १९९६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नव्या आउटबोर्डांचे हायड्रोकार्बन उत्सर्जन २००६ पर्यंत तीन-चतुर्थांश घटवण्याचे नियम केले, आणि १९९९ मध्ये लेक टाहो सरोवरात कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकना बंदी झाली. २०२० मध्ये इव्हिनरूड आउटबोर्डांचे उत्पादनही थांबले. फोर-स्ट्रोक आउटबोर्ड होंडाने १९६४ मध्येच आणली होती. तिथे मिश्रणाचा प्रश्नच उरत नाही. पण ती जड आणि महाग. दोघांनी खांद्यावरून किनाऱ्यावर न्यायची, गावातल्या फिटरने दुरुस्त करायची मोटार ज्याला हवी, तो लहान मच्छीमार टू-स्ट्रोक लगेच सोडणार नाही.

तोवर त्याच्या हाती नेमकी माहिती द्यायला हवी. पुस्तिका बहुतेक इंग्रजीत येतात आणि मोटारीबरोबर दुसऱ्या मालकाकडे पोहोचतही नाहीत. गावोगावच्या मच्छीमार सहकारी सोसायट्यांनी हंगामाच्या आधी एक दिवस काढून प्रत्येक मॉडेलचे प्रमाण, तेलाचा दर्जा आणि इंधनाची काळजी मराठीत छापून डब्यावर चिकटवायला द्यावी, मापाची भांडी ठेवावीत, अनुभवी फिटरला उघडलेली मोटार दाखवायला बोलवावे. यासाठी नवी योजना किंवा मोठे अनुदान लागत नाही. वीस मिलिलिटर म्हणजे नेमके किती आणि का, हे कळलेला तांडेल मोटार वाचवतो, खर्च वाचवतो आणि ज्या खाडीवर त्याचे घर चालते तिच्यात तेलही कमी सोडतो.