मागून येणारा आवाज

अशोक चौकाच्या पलीकडे, आमच्या मागच्या गल्लीत एक अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू, बोटांना दोरा. शेजारच्या कोनाड्यात सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर. त्याचा काटा कायम १०३.४वर, म्हणजे आकाशवाणी सोलापूर. परवा नातवानं त्याच खोलीत फोनवर तेच केंद्र लावलं. ट्रान्झिस्टरवर बातम्यांआधीचे ठोके पडले, निवेदिकेचा नमस्कार झाला, दोन-तीन बातम्या वाचून झाल्या आणि मग फोनमधून तेच ठोके, तोच नमस्कार. हात न थांबवता अक्का म्हणाल्या, "हे दोघं भांडूलालेत की काय?"

भांडण नव्हतं, उशीर होता. मनोऱ्यावरून निघालेली एफएमची लहर अक्कांच्या कोनाड्यात पोचायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. इंटरनेटवर मात्र त्याच आवाजाचे आधी आकडे होतात, ते दाबून लहान केले जातात, त्यांचे काही सेकंदांचे तुकडे पाडून सर्व्हरवर ठेवले जातात. फोनही असा सावध, की दोन-तीन तुकड्यांची शिदोरी बांधून घेतल्याशिवाय तोंड उघडत नाही. वाटेत नेटवर्क डगमगलं तर तीच शिदोरी पुरवायची. म्हणून कधी वीस, कधी चाळीस सेकंदांचं अंतर.

यातला खरा फरक सोलापूरकराला चटकन कळावा. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणारं आमचं गाव. एफएम म्हणजे पाऊस. एका अंगणात पडला काय आणि लाख अंगणांत पडला काय, ढगाचा खर्च तेवढाच. इंटरनेट रेडिओ म्हणजे घरोघरचं नळ कनेक्शन. ६४ केबीपीएसचा प्रवाह घेतला तर एका श्रोत्याच्या एका तासाला साधारण २९ एमबी लागतात. शंभर श्रोते आले की सर्व्हरला सेकंदाला ६.४ मेगाबिट ओतावे लागतात, हजार आले की ६४. कार्यक्रम लोकांना जितका आवडेल तितकं बिल फुगणार. आणि नळाला मीटर बसतं तसं इथं कोण किती वेळ ऐकतो, कधी उठून जातो, हे सगळं पलीकडे मोजलं जातं. ट्रान्झिस्टरवाल्या अक्का मात्र कुणाच्याच मोजणीत नाहीत.

या नळाची सुरुवात अमेरिकेत झाली. १९९३मध्ये कार्ल मालामुड यांनी 'इंटरनेट टॉक रेडिओ' सुरू केला. त्यात थेट प्रक्षेपण कमी, ध्वनिफिती उतरवून घेणंच जास्त. ७ नोव्हेंबर १९९४ला चॅपेल हिलच्या विद्यापीठातल्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थी केंद्रानं आपलं चालू प्रक्षेपण इंटरनेटवर सोडलं. पुढच्या वर्षी रिअलऑडिओ आलं. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं तेच मुळी १५ ऑगस्ट १९९५ला, तेही महानगरांत. १९९८च्या अखेरीस आलेल्या शाउटकास्टनं घरच्या संगणकावरून केंद्र चालवायची सोय केली. त्याच्या पाठोपाठ आइसकास्ट आलं, तेही फुकट.

दूरचं ऐकायची खोड मात्र सोलापूरला फार जुनी. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत बोलणं तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, बाजारात मराठी-उर्दूची सरमिसळ. मीडियम वेव्हवर ७३८ किलोहर्ट्झला हैदराबाद, ७६५ला धारवाड. दिवसा वातावरणाचा खालचा विद्युतभारित थर या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो विरळ होतो आणि वरच्या थरावरून परतलेल्या लहरी शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणून रात्रीची जेवणं उरकल्यावर हैदराबाद एकदम शेजारी येऊन बसल्यासारखं बोलायचं. शॉर्ट वेव्हवर रेडिओ सिलोन होतंच. १९५२पासून बिनाका गीतमाला ऐकायला अवघा देश तिथंच जमायचा. पण हे सगळं आत येणारं होतं. सोलापूरचा आवाज बाहेर जायचा तो मनोऱ्याच्या टप्प्यापुरता, पुढे नुसती खरखर. प्रसार भारतीच्या 'न्यूज ऑन एअर' ॲपवर आमचं केंद्र आलं आणि वाहतुकीची दिशा पहिल्यांदाच उलटली. पोटासाठी भिवंडीला, पुण्याला गेलेल्यांच्या खोल्यांत सोलापूर बोलू लागलं.

मग स्वतःचं केंद्र काढायला काय हरकत आहे? कधीकाळी फार मोठी हरकत होती. १९४२च्या ऑगस्टअखेरीस उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालू केला. पोलिसांना चुकवत त्यांनी जागा बदलल्या, पण १२ नोव्हेंबरला पकडले गेले आणि तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतरही लहरींची मालकी सरकारकडेच राहिली. लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं ते १९९५मध्ये. सामुदायिक रेडिओचं दार स्वयंसेवी संस्थांना उघडलं २००६मध्ये. त्यातून आमच्या जिल्ह्यातल्या माळशिरसला लागून असलेल्या माण तालुक्यात, म्हसवडला 'माणदेशी तरंग' उभं राहिलं. त्यालाही परवाना लागतोच. खासगी एफएमला तर आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, द्यायच्याच तर आकाशवाणीच्या आहेत तशा द्याव्या लागतात.

इंटरनेट केंद्राला स्वतःची लहरच लागत नाही, म्हणून लहरीचा परवानाही नाही. लॅपटॉप, बरा माइक आणि आइसकास्ट एवढ्यावर केंद्र उभं राहतं. अडतं ते गाण्यापाशी. कॉपीराइट कायद्यातलं कलम ३१-डी प्रसारकाला ठरलेलं मानधन भरून गाणी वाजवू देतं. पण ही सवलत रेडिओ-टीव्हीपुरती, इंटरनेटला नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०१९मध्ये टिप्स विरुद्ध विंक खटल्यात दिला. म्हणजे घरातून केंद्र चालवणाऱ्यानं एकेका कंपनीचं दार वाजवायचं. मला विचाराल तर बोलीतलं बोलणारं केंद्र काढावं, अर्धं तेलुगू, अर्धं 'काय करूलालाव बे'. त्यावर अजून तरी कुणा कंपनीचा हक्क नाही.

अक्कांची लेक भिवंडीला असते. फर्माईशीच्या कार्यक्रमाला तिनं नाव कळवलं होतं. त्या संध्याकाळी मी तिथंच होतो. ट्रान्झिस्टरमधून निवेदिका नावांची यादी वाचत होती. भिवंडी ऐकताच अक्कांनी सूप बाजूला सारलं, तंबाखूचे हात पदराला पुसले आणि नातवाला फोन लावायला सांगितला. "आलं की गं तुझं नाव!"

लेकीकडे अजून आधीचंच गाणं चालू होतं. ती म्हणाली, "थांब अम्मा, बोलू नको." दोघी फोन कानाला लावून गप्प बसल्या.