खेळ कोणाचा? मंडळाचा कीं लोकांचा?

क्रिकेटचा सामना सुरू झाला म्हणजे आपल्या घरांतून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारीं माणसें एके ठिकाणीं जमतात. परंतु ज्या मंडळाच्या हातीं हा खेळ आहे तें कोणाला जबाबदार, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. सर्वोच्च न्यायालयापुढें मात्र तो वारंवार आला, आणि त्याच्या उत्तरांतूनच आपल्याकडील क्रीडाविषयक कायद्याला बरेंचसें वळण लागलें.

क्रिकेट नियामक मंडळ ही सरकारी कचेरी नव्हे. तामिळनाडूच्या कायद्याखालीं नोंदलेली ती एक खाजगी संस्था. २००५ सालीं झी टेलिफिल्म्सच्या खटल्यांत पांचांपैकीं तीन न्यायमूर्तींनीं ठरविलें कीं, घटनेच्या १२ व्या कलमाप्रमाणें हें मंडळ 'राज्यसंस्था' नव्हे. तथापि एक दार उघडें राहिलें. मंडळाचें कार्य सार्वजनिक असल्यामुळें २२६ व्या कलमान्वयें उच्च न्यायालयांत दाद मागतां येईल, असें त्याच निकालांत म्हटलें होतें.

त्या दाराचें महत्त्व दहा वर्षांनीं कळलें. २०१३ सालीं इंडियन प्रीमियर लीगमधील सट्ट्याचें प्रकरण उघडकीस आलें. पदाधिकाऱ्यांनीं सामन्यांत व्यापारी हितसंबंध ठेवूं नयेत, असा मंडळाचा नियम होता; पण २००८ सालीं लीगपुरती ती मनाई उठविण्यांत आली होती. ज्याच्या हातीं तराजू, त्यानेंच माल विकावा, असा हा प्रकार! २२ जानेवारी २०१५ रोजीं न्या. ठाकूर व न्या. खलिफुल्ला यांनीं ती दुरुस्ती रद्द केली आणि न्या. लोढा यांची समिती नेमली.

समितीच्या बहुतेक शिफारशी १८ जुलै २०१६ रोजीं मान्य झाल्या. मंत्री व सत्तरी ओलांडलेले गृहस्थ यांना पदें बंद झालीं. मात्र 'एक राज्य, एक मत' या नियमाचा घाव आपल्यावर पडला. मुंबईनें १९३४-३५ सालीं पहिलाच रणजी करंडक जिंकला, देवधरांच्या महाराष्ट्रानें १९३९ ते ४१ या काळांत लागोपाठ दोनदां, तर विदर्भानें २०१७-१८ मध्यें. अशा तीन संघांत मत एकच! ९ ऑगस्ट २०१८ रोजीं न्यायालयानें हा नियम मागें घेतला, हें योग्यच झालें. पुढें २०२२ सालीं मात्र सक्तीच्या विश्रांतीपूर्वींची मुदत राज्यांत सहा व मंडळांत सहा अशी बारा वर्षांपर्यंत वाढली. काढ्यांत पाणी मिसळलें, असें कोणी म्हटल्यास त्याला दोष देतां येणार नाहीं.

२०२५ सालीं संसदेनें राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत करून क्रीडाविषयक तंट्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद केली. परंतु मूळ तत्त्व कोर्टानें आधींच सांगून ठेविलें होतें, आणि तें आपल्या घरांना अपरिचित नाहीं. एकत्र कुटुंबांत तिजोरीची किल्ली कर्त्या पुरुषाच्या कमरेला असते, पण तिजोरी त्याच्या एकट्याची नसते. हिशेब विचारण्याचा हक्क सर्वांत धाकट्या भावालाही असतो. खेळाच्या तिजोरीसही हाच न्याय लागू आहे. हिशेब विचारणारे आपण जागे असलों पाहिजे, इतकेंच.