तात्पर्याआधीची गोष्ट

मराठीत मुलांसाठी छापील गोष्ट आली ती तात्पर्य बरोबर घेऊनच. तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने सख्खन पंडितांनी केलेलं इसापाचं भाषांतर, 'बालबोधमुक्तावली', १८१० च्या आधीच छापून निघालं. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' आली. मुलांनी शहाणं व्हावं ही त्या पिढीची तळमळ खरी होती. पण गोष्ट म्हणजे उपदेशाचं साधन, ही समजूत तेव्हापासून आपल्या शाळांत घट्ट बसली, ती अजून हललेली नाही.

घराघरांत मात्र वेगळंच काही चाललं होतं. ते कागदावर आलं जवळजवळ योगायोगाने. १८६५ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. सोबत त्यांची मुलगी मेरी होती आणि तिची आया, ॲना लिबराता डिसूझा. ॲनाचं घराणं मूळचं लिंगायत, आजोबांच्या काळात गोव्यात ख्रिस्ती झालेलं. मुक्कामावर वेळ जाईना तेव्हा मेरीने तिला गोष्टी सांगायचा आग्रह केला आणि त्या उतरवून घेतल्या. १८६८ मध्ये लंडनला 'ओल्ड डेक्कन डेज' प्रसिद्ध झालं. पुस्तकात ॲनाने स्वतःची हकीकतही सांगितली आहे. गोष्टी तिला आजीकडून मिळाल्या. तिने त्या आपल्या मुलांना सांगितल्या, पण मुलं वाचायला शिकली, सांगणं थांबलं आणि ती पुष्कळ विसरून गेली. मला त्या पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच वाटतं. गोष्ट सांगितली नाही की सांगणाराच्याही हातून जाते.

त्यातली पंचकिन नावाच्या मांत्रिकाची गोष्ट पाहा. त्याने राजकन्येला कोंडून ठेवलंय. तो मरत नाही, कारण त्याचा जीव त्याच्यात नाहीच. दूर घनदाट रानात ताडांचं रिंगण आहे, मधोमध पाण्याने भरलेल्या सहा घागरी एकावर एक ठेवल्यात, सर्वांत खालच्या घागरीखाली छोटा पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवा पोपट. राजकन्येचा मुलगा तो पोपट मिळवतो. त्याने पंख उपटला की मांत्रिकाचा हात गळून पडतो. चार वर्षांच्या मुलाला सगळी मोठी माणसं आडदांडच वाटतात. एवढ्या बलाढ्याचाही जीव कुठेतरी नाजूक असतो आणि तिथे लहान मूल पोहोचू शकतं, हा धीर त्याला कुठलाही उपदेश देऊ शकत नाही. आणि पंख उपटण्याचा भाग वगळला तर तो धीर उरत नाही.

विसाव्या शतकात शंका आली ती शिक्षणशास्त्राकडून. माँटेसोरीबाईंना लहान वयात कल्पित कथांपेक्षा प्रत्यक्ष जगाची ओळख महत्त्वाची वाटे. भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांनी त्यांची पद्धत मनापासून स्वीकारली, पण राजा-राणी आणि राक्षस सोडले नाहीत. गोष्ट कशी सांगावी यावर त्यांनी आख्खा ग्रंथ लिहिला. 'दिवास्वप्न'मधला त्यांचा शिक्षक पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्ग उधळतो. दुसऱ्या दिवशी तो राजाची गोष्ट सुरू करतो आणि तीच मुलं गप्प बसतात. ताराबाई मोडक याच भावनगरच्या मुशीतून घडल्या. बोर्डी-कोसबाडच्या त्यांच्या कामानंतर मराठी बालवाडीत गोष्टीला हक्काची जागा मिळाली.

'चांदोबा' हे मुलांचं मासिक मराठीत १९५२ मध्ये आलं. त्यातल्या वेताळाच्या गोष्टीचा शेवट तात्पर्याने होत नसे, प्रश्नाने होई. विक्रमाने उत्तर दिलं की वेताळ पुन्हा झाडावर! मुलं भांडत, की उत्तर बरोबर होतं का.

आता गोष्टींची कमी नाही. मोबाइलवर त्या रात्रंदिवस चालू आहेत. पण तिथला वाघ मुलाचा चेहरा पाहून थांबत नाही. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट आमच्या नातीला सांगताना मी वाघाजवळ आले की तिची मूठ माझ्या पदरावर आवळते. मग आवाज खाली आणावा लागतो, थोडं थांबावं लागतं. भोपळा टुणटुणत पुढे सुटला की मूठ सैल होते आणि लगेच 'परत सांग' सुरू होतं. भीती येते आणि जाते, हे मूल कुशीत बसून अनुभवतं. हल्ली वाघाला मित्र करून टाकणाऱ्या सुधारित आवृत्त्या निघतात. मला त्या मान्य नाहीत. वाघ खाणारा नसेल तर म्हातारीच्या हुशारीला काम काय उरलं?

तेव्हा आई-बाबांनो, आजी-आजोबांनो, आज रात्री पुस्तक मिटा, फोन बाजूला ठेवा आणि आठवेल तशी एक गोष्ट सांगा. अडलात तर मूल आठवण करून देईल. शेवटी 'मग यातून काय शिकलास?' एवढं मात्र विचारू नका.