देनियाची राख, जुनोनीचा वारा

रत्नागिरी-नागपूर महामार्गावरून मार्चमध्ये जाताना रस्त्याच्या कडेला सतत काही ना काही वाळत घातलेलं दिसतं. नांदेडजवळ अर्धापूरला शिजवलेली हळद उघड्या रानात पसरलेली असते. लातूर ओलांडून औशाला आलं की द्राक्षाचे मांडव दिसतात. पुढे तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा मागे टाकून सांगोला तालुक्यातल्या जुनोनीकडे निघालं की माळरानावर हिरव्या जाळीचे लांबच लांब सांगाडे सुरू होतात. नवख्याला त्या रोपवाटिका वाटतात, पण ते बेदाण्याचे शेड असतात. इथून नागज, कवठे महांकाळ, जत, तासगाव हा सारा पट्टा फेब्रुवारी ते एप्रिल याच एका कामात बुडालेला असतो.

स्पेनमध्ये अशा गावांच्या एक दिवसाच्या सहली निघतात. दहा-बारा माणसं, एक वाटाड्या, डोंगरउतारावरची दोन-तीन पांढरी गावं आणि बेदाणा कसा होतो ते बघणं. लातूरकराला त्यासाठी पासपोर्ट लागत नाही. पहाटे चहा घेऊन गाडी काढली तर सकाळी डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवायचं काम, चालू असतानाच जुनोनीला पोचता येतं आणि रात्री जेवायला घरी परतता येतं. मात्र काय बघायचं हे आधी ठाऊक हवं, नाहीतर जाळ्या बघून माणूस परत येतो.

सुरुवात सालीपासून करू. पिकलेल्या द्राक्षात चार हिश्शांपैकी तीन हिस्से पाणीच असतं, तरी ते द्राक्ष टेबलावर चार दिवस ठेवलं तर फारसं सुकत नाही. कारण सालीवरचा पांढुरका थर, ज्याला आपण धूळ किंवा फवारणीचा डाग समजून घासत बसतो. तो मेणाचा असतो. या मेणाचे सूक्ष्म पापुद्रे कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. बाहेरचं पाणी ते सहजासहजी आत येऊ देत नाहीत आणि आतली वाफ बाहेर सोडत नाहीत. वेलीच्या दृष्टीने ही सोय उत्तम, बेदाणा करणाऱ्याच्या दृष्टीने मोठी अडचण. थॉम्सन सीडलेस या बिनबियांच्या जातीचे घड काहीच न करता सावलीत टांगले तर सुकायला तीन-चार आठवडे सहज जातात आणि तोवर ते तपकिरी होतात.

म्हणून जुनोनीच्या शेडवर सकाळी पहिलं काम हौदाजवळ चालतं. शंभर लिटर पाण्यात साधारण अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर ‘डिपिंग ऑइल’. पावडर विरघळते, तेल घुसळलं की पाणी दुधी होतं. घडांनी भरलेलं प्लास्टिकचं क्रेट त्यात दोन ते चार मिनिटं बुडवायचं, निथळायचं आणि रॅकवर घड पसरायचे. एका सांगाड्यात एकावर एक असे दहाएक कप्पे असतात. दोन-तीन दिवसांनी त्याच द्रावणाची पातळ फवारणी होते. बुडवलेल्या मण्याला हात लावून बघा: मघाचा पांढुरका थर दिसत नाही, मणी गडद आणि ओलसर चकाकतो. मेण धुऊन गेलेलं नसतं. तेलातलं इथाइल ओलिएट पापुद्र्यांच्या फटींत शिरतं, त्यांची रचना विस्कटतं आणि आतल्या पाण्याला बाहेर यायला वाट होते. साल फाटत नाही, पेशीही शाबूत राहतात. दोन आठवड्यांच्या आसपास माल तयार होतो.

आता थोडं स्पेनकडे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाचा एक माणूस होऊन गेला. जन्म आजच्या कादिसचा, म्हणजे स्पेनच्या दक्षिण टोकाचा. रोमन साम्राज्यातल्या शेतीवर त्याने बारा भागांचा ग्रंथ लिहिला. बाराव्या भागात बेदाण्याची कृती आहे: राखेचं पाणी उकळायचं, त्यात चांगल्या प्रतीचं थोडं तेल घालून ढवळायचं, दोन-दोन तीन-तीन घड एकत्र बांधून रंग उतरेपर्यंत क्षणभर त्यात सोडायचे. राखेच्या पाण्यात असतं पोटॅशियम कार्बोनेट. त्याच्या मुलखातलं तेल ऑलिव्हचं, आणि ऑलिव्ह तेलात सर्वांत जास्त असतं ओलिक आम्ल. आपल्या डिपिंग ऑइलमधलं इथाइल ओलिएट हे त्याच आम्लापासून बनवलेलं एस्टर. म्हणजे कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या कॅनवर लेबल आजचं असलं तरी कृती दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. रसायनशास्त्राने तिच्यातलं नेमकं कामाचं तेवढं वेगळं काढलं, एवढंच. मधल्या काळात अनातोलियात आणि ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युराच्या पट्ट्यात हे द्रावण उकळण्याऐवजी थंडच वापरायची रीत रुळली. आपल्याकडे आहे ती हीच थंड रीत.

उकळतं आणि थंड यांत फरक किती पडतो ते स्पेनच्याच देनिया परिसरात कळतं. अलिकांते प्रांतात समुद्राजवळ ही गावं आहेत. एकोणिसाव्या शतकात देनियाच्या बंदरातून बेदाण्याची जहाजं इंग्लंडला जात. तिथे मस्कत जातीचे घड उकळत्या क्षारजलात काही क्षण बुडवत. उष्णतेने सालीला बारीक चिरा पडतात आणि त्यांतून पाणी निघून जातं. पण पेशीही फुटतात. द्राक्षात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. पेशी धड असते तोवर ते आणि ज्यांवर ते काम करतं ती फिनॉल द्रव्यं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात आणि मणी तपकिरी होतो. चिरलेलं वांगं किंवा सफरचंद काळं पडतं ते याच विकरामुळे. देनियाचा बेदाणा तपकिरी, जुनोनीचा हिरवा, यामागे जातीपेक्षा उकळत्या पाण्याचा आणि उन्हाचा हात मोठा.

देनियाकडच्या गावांत घरालगत कमानींचा ओसरीवजा मांडव असतो, त्याला रिउराउ म्हणतात. बोरूच्या चटयांवर पसरलेला माल दिवसभर उन्हात ठेवायचा आणि संध्याकाळी दव पडायच्या आत, किंवा ढग दिसले की लगेच, या कमानींखाली ओढायचा. मालागा प्रांतातल्या अक्सार्किया भागाची तऱ्हा तिसरीच. एल बोर्खे, आल्माचार या गावांत डोंगराच्या दक्षिण उतारावर वाफे असतात. घड बुडवणं नाही, तेल नाही, थेट ऊन. माणूस हाताने एकेक घड उलटतो आणि शेवटी कात्रीने मणी सुटे करतो. १८७८ मध्ये फायलोक्सेरा ही मुळांतला रस शोषणारी कीड स्पेनमध्ये पहिल्यांदा सापडली ती याच मालागा प्रांतात, आणि तिथला द्राक्षाचा संसार विस्कटला. जे उरलं ते इतकं जुनं आणि कष्टाचं होतं की संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्याला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण तो बघायला गाडी भरून कोणी जात नाही.

जुनोनीच्या शेडला भिंती नाहीत. वर प्लास्टिक, बाजूंना जाळी, म्हणजे ऊन आणि धूळ अडते पण वारा आरपार जातो. खरं यंत्र तो वाराच. हिशोब करून बघू. ३८ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४६ ग्रॅम वाफ मावते. मार्चच्या दुपारी आर्द्रता २० टक्के असेल तर त्या हवेत वाफ जेमतेम ९ ग्रॅम असते, आणखी ३७ ग्रॅमला कागदावर तरी जागा असते. ऑक्टोबरात ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता धरली तर तीच जागा १२ ग्रॅमवर येते. प्रत्यक्षात बाष्पीभवनाने हवा थंड होत जाते, त्यामुळे दोन्ही आकडे खाली येतात, पण प्रमाणाचा अंदाज येतो. मराठवाड्यात ज्या कोरड्या हवेला आपण उन्हाळाभर शिव्या घालतो, तिची ही कमाई.

किती कमाई? २२ ब्रिक्स गोडीचं द्राक्ष आणि १५ टक्के ओलाव्याचा बेदाणा धरला तर चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. गोडी १८ वर असताना घाईने काढणी केली तर एका किलोला पावणेपाच किलो द्राक्ष लागतं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर शेतकरी शेवटचे आठ दिवस का थांबतो, ते या फरकात आहे. किलोमागे तीन किलो पाणी उडवायचं तर साधारण ७ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेची दोन युनिट. टनाला दोन हजार युनिट. स्वयंपाकाच्या गॅसवर करायचं ठरवलं तर उष्णतेचा कणही वाया न घालवता टनामागे अकरा सिलिंडर. जुनोनीत हे काम वारा करतो आणि त्याचं बिल येत नाही.

बेदाण्यातून उडून गेलेल्या या पाण्याचा विषय निघाला की लातूरकराला २०१६ चा दुष्काळ आठवल्यावाचून राहत नाही. त्या वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती आली कवठे महांकाळ, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या मार्गाने, म्हणजे बेदाण्याच्या पट्ट्याला चिरत. पाच लाख लिटर पाणी म्हणजे साधारण १६५ टन बेदाणा तयार होताना हवेत जाणारं पाणी. अर्थात मण्यातलं पाणी हा खर्चाचा अगदी छोटा भाग, बाग वर्षभर जे पिते ते याच्या कितीतरी पट. पण द्राक्ष टँकरवर जगवलेल्या माणसाला दोन्ही पाणी सारखीच महाग.

तयार होत आलेला माल कसा ओळखायचा? शेडवरची माणसं मूठभर मणी घेऊन आवळतात आणि मूठ उघडतात. मणी आपोआप सुटे झाले तर माल झाला. गोळा राहिला तर अजून दोन दिवस. तासगाव-सांगलीच्या सौद्यांत व्यापारीही हेच करतो. ही मुठीची परीक्षा सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका आकड्याजवळ नेऊन पोचवते. जिवाणूंना आणि बुरशीला किती पाणी ‘मोकळं’ मिळतं ते जलक्रियतेने मोजतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १. ती ०.६ च्या खाली गेली की जवळपास काहीच वाढत नाही. १५ टक्के ओलाव्याच्या बेदाण्यात पाणी असतं, पण ते साखरेने इतकं जखडून ठेवलेलं असतं की बुरशीच्या हाती लागत नाही.

मग रॅक हलवून मणी खाली पाडतात, देठं काढतात, धुतात आणि बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. सल्फर डायऑक्साइड त्या तपकिरी करणाऱ्या विकराला थोपवतो, रंग उजळतो, कीड लागत नाही. दम्याच्या काही रुग्णांना मात्र हा वायू सोसत नाही. माझं मत विचाराल तर हिरवा-पिवळा रंग ही ग्राहकाची हौस आहे, तिचा चवीशी संबंध थोडा. आपण दुकानात तपकिरी बेदाणा जुना म्हणून परत करतो, म्हणून शेतकरी धुरी वाढवतो आणि व्यापारी माल शीतगृहात ठेवतो. थंडीत विकरही मंदावतं.

या सगळ्याला एकच वैरी, अवकाळी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. वेलीवरच्या मण्यावर पाऊस पडला की आतली साखर पाणी ओढून घेते, मणी फुगतो आणि तडकतो. रॅकवरच्या मालावर थेंबही पडला नाही तरी हवा दमट झाली की वाळणं थांबतं, माल काळवंडतो, आंबतो. औसा-तुळजापूरचा वारा जुनोनीहून वेगळा नाही. वेगळं आहे ते मागचं जाळं: धुण्या-निवडण्याची यंत्रं, शीतगृहं, आठवड्याचे सौदे. लातूरच्या बाजाराने डाळीचं असं जाळं उभं केलंच आहे, त्यामुळे बेदाण्याचं जमणार नाही असं मला वाटत नाही.

सहलीहून आणलेल्या पाकिटातले दहा-बारा मणी रात्री वाटीभर पाण्यात टाका आणि शेजारच्या वाटीत तेवढीच ताजी, देठासकट द्राक्षं. सकाळी बेदाणे टम्म फुगलेले असतील, पण पाणी चाखलं तर गोड लागेल. द्राक्षांच्या वाटीतलं पाणी पाण्यासारखंच. ताज्या मण्यातल्या पेशींची पटलं जिवंत असतात, ती साखर बाहेर जाऊ देत नाहीत. बेदाण्यातली पटलं वाळतानाच मेलेली असतात. म्हणून पाणी आत जातं तशी साखरही मोकळेपणाने बाहेर येते, आणि भिजवलेला बेदाणा कितीही फुगला तरी त्याचं द्राक्ष होत नाही. ते पाणी तेवढं ओतून देऊ नका.