घराची व जनावरांची राखण

घरमालक परगावी गेला असता त्याचे घर, बाग आणि पाळलेली जनावरे यांची तात्पुरती देखभाल दुसऱ्या व्यक्तीने करणे, यास राखण असे म्हणतात. राखण करणाऱ्यास राखणदार म्हटले जाते. इंग्लंडच्या समुद्रकिनारी असलेल्या गावांत प्रवाशांनी राखणीच्या बदल्यात विनाशुल्क निवास मिळवण्याची पद्धत रूढ आहे. महाराष्ट्रातील वऱ्हाडात, विशेषतः अमरावती व अकोला जिल्ह्यांत, हेच काम नातेवाईक, शेजारी, सालदार आणि गायकी यांच्याकडून होत आले आहे. दोन्ही ठिकाणी व्यवहाराचा आधार विश्वास हाच आहे. मात्र राखणदाराला काय मिळावे आणि नुकसान झाल्यास ते कोणी सोसावे, हे ठरवण्याच्या रीती भिन्न आहेत.

वऱ्हाडातील पारंपरिक व्यवस्था

वऱ्हाडी बोलीत गुरांना ‘ढोरं’ आणि गुरे चारणाऱ्यास ‘ढोरकी’ किंवा ‘गायकी’ म्हणतात. सकाळी गावातील जनावरे गावाबाहेरील मोकळ्या जागेत, म्हणजे आखरावर, गोळा होतात. तेथून गायकी ती चरावयास नेतो व संध्याकाळी परत आणतो. त्यामुळे मालक गावात नसला तरी जनावरांच्या दिवसभराच्या चरण्यात खंड पडत नाही. चारापाणी, शेण काढणे आणि धार काढणे ही घरची कामे मात्र कोणावर तरी सोपवावी लागतात.

मोठ्या शेतकऱ्यांकडे ही कामे सालदार करतो. सालदार हा वर्षाच्या कराराने ठेवलेला शेतगडी असून त्याचे साल सामान्यतः गुढीपाडव्यापासून मोजले जाते. मालक परगावी असताना गोठ्याची राखण करणे हा त्याच्या कामाचाच भाग समजला जातो. त्यासाठी वेगळा मोबदला ठरतोच असे नाही. शेतात उभे पीक असताना रात्री राखणीसाठी मळ्यावर मुक्काम करण्यास ‘जागलीला जाणे’ म्हणतात.

गावाची रात्रीची राखण पूर्वी जागल्याकडे असे. हे काम प्रामुख्याने महार समाजाकडे वंशपरंपरेने आलेले होते. ती राखण स्वेच्छेने पत्करलेली नसून जातीच्या आधारे लादलेली गावकी होती. शेजारच्या मुंबई प्रांतात अशाच वतनी सेवेविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक मांडले होते.

घर सोडण्याचे प्रसंग

घर बंद ठेवण्याची किंवा दुसऱ्यावर सोपवण्याची वेळ वऱ्हाडात मुख्यतः तीन प्रसंगी येते.

पहिला प्रसंग आषाढी वारीचा. अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर येथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी अकोला जिल्ह्यातून पुढे जाते. ही वाटचाल आठवडेच्या आठवडे चालते आणि तिचा काळ पेरणीच्या दिवसांना लागून येतो. त्यामुळे वारकऱ्याच्या मागे राहणाऱ्यावर घर, ढोरे आणि पेरणी या तिन्हींचा भार पडतो.

दुसरा प्रसंग मेळघाटातील हंगामी स्थलांतराचा. खरिपाची कामे संपल्यावर अनेक कोरकू कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीच्या सुमारास परततात. या काळात घर व जनावरे पुष्कळदा वृद्धांच्या हवाली असतात.

तिसरा प्रसंग शहरी आहे. उन्हाळी सुट्टीत, लग्नकार्यात किंवा पुण्यात वा परदेशात राहणाऱ्या मुलांकडे जाताना कुटुंबे घराची किल्ली शेजाऱ्यांकडे देतात. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर जात असल्याने कुंडीतील झाडे आणि पाळीव प्राणी एक दिवसही पाण्यावाचून ठेवता येत नाहीत.

इंग्लंडमधील पद्धत

इंग्लंडमध्ये घर व पाळीव प्राणी राखण्याचे काम संकेतस्थळांच्या साहाय्याने संघटित झाले. दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन येथे २०१० मध्ये स्थापन झालेली ‘ट्रस्टेड हाउससिटर्स’ ही त्यांपैकी प्रमुख कंपनी होय. मालक व राखणदार दोघेही वर्गणी भरतात, परंतु एकमेकांना पैसे देत नाहीत. राखणदार कुत्र्या-मांजरांची देखभाल करतो आणि त्या काळात घरात राहतो. परस्परांनी लिहिलेले अभिप्राय येथे ओळखीची जागा घेतात. इंग्लंड व वेल्समध्ये लागू असलेल्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार प्राण्याची तात्पुरती जबाबदारी घेणारी व्यक्तीही त्याच्या हितासाठी उत्तरदायी असते.

परदेशी प्रवाशाने व्हिसाच्या अटी तपासणे आवश्यक ठरते. भेटीच्या व्हिसावर काम करण्यास निर्बंध असतात आणि राखणीच्या मोबदल्यात मिळालेला निवास हा कामाचा मोबदला मानला जाऊ शकतो.

भारतातील कायदा

भारतात राखणीसाठी स्वतंत्र कायदा नाही. तथापि काही जुन्या तरतुदी तिला लागू होतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील निक्षेपाची कलमे त्यांत महत्त्वाची आहेत. कलम १५१ नुसार राखणदाराने दुसऱ्याच्या वस्तूची काळजी सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घ्यावी लागते. तेवढी काळजी घेऊनही नुकसान झाले, तर वेगळा करार नसल्यास तो जबाबदार नसतो. कलम १५८ नुसार विनामोबदला राखण करणाऱ्यास त्यासाठी झालेला आवश्यक खर्च मालकाने परत द्यावयाचा असतो.

कलम १६३ मध्ये गाईचेच उदाहरण दिले आहे. राखणीस ठेवलेली गाय व्याली, तर राखणदाराने गाईसह वासरूही परत केले पाहिजे. विरुद्ध करार नसेल तर जनावरापासून झालेली वाढ वा लाभ मालकाचा, हे त्यामागील तत्त्व आहे. धार काढणाऱ्याने दूध ठेवावे असा समज असल्यास तो आधीच बोलून घेणे म्हणूनच हिताचे ठरते.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम ३ नुसार प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्या प्रत्येकावर त्याच्या कल्याणाची जबाबदारी येते. मालकाने पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा कलम ११ खाली गुन्हा आहे.

घराच्या बाबतीत गोव्यातील एका प्रकरणाचा निकाल मार्गदर्शक आहे. बहिणीच्या घरात राखणदार म्हणून राहिलेल्या भावाशी संबंधित वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले, की राखणदार, पहारेकरी वा नोकर कितीही वर्षे राहिला तरी त्याला त्या मालमत्तेत हक्क प्राप्त होत नाही.

व्यवहारातील दक्षता

ओळखीच्या माणसाशी करार लिहून घेणे वऱ्हाडात संकोचाचे मानले जाते. त्यामुळे वाद उद्भवल्यास राखणदार व मालक या दोघांकडेही पुरावा राहत नाही, आणि त्याची झळ अनेकदा मोबदल्याविना राबणाऱ्या नातलगाला किंवा सालदाराला अधिक बसते. परतण्याची तारीख, चाऱ्याचा व औषधाचा खर्च, दुधाची वाटणी, पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक आणि जनावराचे लसीकरण या गोष्टी एका कागदावर नोंदवल्यास हा धोका कमी होतो. जनावर मारके किंवा कुत्रे चावरे असल्यास ते राखणदाराला आधी सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे.